ऑटोमॅटिक पिकअपचं दुखणं आणि कुडाळ एमआयडीसीतलं गॅरेज

आधी निकाल सांगतो. ऑटोमॅटिक गाडी असेल आणि कुणी गिअरबॉक्स उघडायला किंवा बदलायला सांगितलं असेल, तर होकार देण्याआधी कुडाळ एमआयडीसीतल्या या गॅरेजात एकदा दाखवा. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

माझी पिकअप २०१९ची, डबल कॅब, डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली. सीझनला देवगडहून आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाटाने निपाणीकडे जायचं, एरवी खत, कलमं आणि घरची माणसं. साध्या गिअरबॉक्सचं काम डोळे मिटून करणारे मेस्त्री आपल्याकडे पुष्कळ आहेत. ऑटोमॅटिक म्हटलं की बरेच जण बॉनेट लावतात आणि चहा मागवतात.

दुखणं असं. सकाळी लिव्हर डीवर टाकला की गाडी जरा वेळ जागची हलायची नाही, मग धक्का देऊन निघायची. साठ-सत्तरच्या वेगात पाय हलका ठेवला की रस्ता चांगला असूनही खालून थरथर यायची. पुढे तर दाजीपूरच्या अलीकडे चढावर ती एकाच गिअरला अडकून बसली. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनरसुद्धा न लावता सांगितलं, ‘गिअरबॉक्स गेला, असेंब्लीच टाका.’ आकडा असा की त्यात दुसरी जुनी गाडी आली असती.

कुडाळच्या मेस्त्रीने फोनवरच बजावलं की टोचन करून आणू नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधला ऑइलपंप फिरत नाही, आणि मागची चाकं रस्त्यावर फिरत राहिली की आतले भाग कोरडे घासतात. नुसती पुढची चाकं उचलूनही भागत नाही. एक तर गाडी अख्खी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवायची, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा सोडायचा. आमचा क्रेनवाला ‘काय होत नाय ओ’ म्हणत दोर घेऊन उभाच होता.

गाडी पोचल्यावर स्कॅनर लावला तर कोड आला पी ०७०५. लिव्हर कुठे आहे हे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या स्विचची ती तक्रार. स्विच बाहेरच्या अंगाला असतो. त्याचा कनेक्टर काढला तर पिनांवर हिरवी बुरशी चढलेली. समुद्राकाठच्या गाडीला दुसरं काय होणार! साफ केला, बॅटरीची अर्थची पट्टी गंजली होती ती बदलली, आणि एका गिअरला अडकणं थांबलं. थरथर मात्र तशीच.

मग त्याने विचारलं, ‘काकानू, रेडिएटरात पाणी सारख्या घालूक लागता काय?’

लागत होतं. पण पाण्याचा आणि गिअरबॉक्सचा संबंध काय, असं माझ्या तोंडावर दिसलं असावं. ‘गिअरबॉक्स नंतर. आदी पाणी खंय जाता ता बघूया,’ म्हणत त्याने गिअरबॉक्सचाच खालचा बोल्ट सैल केला. गिअरबॉक्सचं ऑइल नवं असताना लाल असतं, जळलं की काळपट होतं आणि करपल्याचा वास येतो. माझं निघालं चक्क सोलकढीसारखं गुलाबी. त्याने पत्र्याचा तुकडा तापवला आणि दोन थेंब टाकले. चरचरून बुडबुडे फुटले, म्हणजे आत पाणी.

कारण त्याने जुना रेडिएटर दाखवूनच समजावलं. अशा गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. ती आत कुठे झिरपली की इंजिन बंद केल्यावर खेळ सुरू होतो. ऑइलचा दाब शून्यावर येतो, पण गरम कूलंटचा, म्हणजे रेडिएटरातल्या पाण्याचा दाब तसाच राहतो, आणि कूलंट ऑइलमध्ये शिरतं. क्लच प्लेटींवरच्या अस्तराला तेच मारक. थरथर टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉक-अप क्लचची होती. कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, आणि हा क्लच वेग धरल्यावर दोघांना थेट जोडतो.

रेडिएटर नवा बसवला, कूलरच्या नळ्या धुतल्या आणि ऑइल पुन्हा पुन्हा बदललं. एकदा बदलून भागत नाही, कारण बरंचसं ऑइल कन्व्हर्टरमध्येच अडकून राहतं. ऑइल भरताना गाडी सपाटीवर, इंजिन चालू आणि स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत लेव्हल धरली. या गाडीला गिअरबॉक्सचं ऑइल मोजायची डिपस्टिकच नाही, त्यामुळे अंदाजाने ओतणाऱ्यांपासून सांभाळा. सगळं मिळून बिल चाळीस हजारांच्या आत आलं.

आता तो कापलेला स्टार. रेडिएटर कोल्हापूरहून यायचा होता, आणि ‘उद्या येतलो’ हा उद्या काही उजाडेना. गाडी उघड्यावर उभी, आणि मी ऐन पेट्यांच्या दिवसांत भाड्याच्या टेम्पोमागे. बिल कच्च्या कागदावर, सुट्या भागांच्या पावत्या मागून घ्याव्या लागल्या. वॉरंटी विचारली तर सरळ नाही म्हणाला. ‘प्लेटी कितक्या भिजल्यात ता खोलल्याशिवाय कळाचा नाय.’ हे उत्तर मला आवडलं, पण खिशाला आवडणारं नाही.

सध्या गाडी भरलेली असतानाही घाट नीट चढते. सकाळचा धक्का गेला. थरथर अगदी क्वचित, तीही गाडी तापल्यावर जाणवते. पुढच्या तपासणीला ऑइलचा रंग बघून ठरवू, असं ठरलंय. जाणार असाल तर आधी फोन करा, आणि एप्रिल-मे टाळा. तेव्हा अंगणात पिकअपचीच रांग असते.