शिकागोत दोन दिवस: बोट की टॉवर, चित्रं की डायनोसॉर?

शिकागोला येणाऱ्या आपल्या पाहुण्यांची यादी बहुतेक वेळा सारखीच असते: उंच टॉवर, बीन नावाचं चकचकीत शिल्प, नेव्ही पियर हा करमणुकीचा धक्का, एखादं संग्रहालय आणि जमलं तर बोट. हाताशी जेमतेम दोन दिवस असताना बोट ‘जमलं तर’वर ढकललेली मला फार खटकते. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. आधी नदीतून शहर बघा. टॉवर त्यानंतर, वेळ आणि पैसे उरले तर.

बोट की टॉवर

दोन्हींची तिकिटं महाग आहेत, त्यामुळे चार जणांचं कुटुंब असेल तर हा निर्णय विचार करूनच घ्यावा लागतो. टॉवरवर रांग आणि लिफ्ट धरून दीड-दोन तास जातात आणि प्रत्यक्ष बघणं अर्ध्या तासात आटोपतं. वरून मिशिगन सरोवर दिसतं, सरळ रेषेत आखलेले रस्ते दिसतात, हवा स्वच्छ असेल तर इलिनॉयसकट चार राज्यं नजरेत येतात. पण इमारतींच्या मात्र गच्च्याच दिसतात. शिकागोचं वैभव आहे ते त्या इमारतींच्या दर्शनी भागांत, आणि ते बघायला नदीसारखी जागा नाही.

ऑक्टोबर १८७१च्या आगीत या शहराचा मध्यभाग जळून गेला. सुमारे तीनशे माणसं गेली, एक लाख बेघर झाली. त्या राखेवर पुन्हा उभं राहताना इथल्या वास्तुकारांनी आणि इंजिनिअरांनी पोलादी सांगाड्याच्या उंच इमारतींचे प्रयोग केले आणि ते आजवर थांबलेले नाहीत. शिकागो आर्किटेक्चर सेंटरची ९० मिनिटांची फेरी मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या पुलाजवळच्या धक्क्यावरून सुटते आणि नदीच्या तिन्ही फाट्यांत जाऊन येते. माहिती सांगणारे प्रशिक्षित स्वयंसेवक असतात. आपल्या शहराबद्दल इतक्या प्रेमाने आणि इतकं नेमकं बोलणारी माणसं मी कुठल्याच सहलीत ऐकलेली नाहीत. मरिना सिटीचे दोन गोल मनोरे, ज्यांना इथले लोक मक्याची कणसं म्हणतात, त्यांचे खालचे एकोणीस मजले निव्वळ गाड्या लावायला आहेत. १९३०चं मर्चंडाइज मार्ट इतकं अवाढव्य की कित्येक वर्षं त्या एका इमारतीला स्वतंत्र पिनकोड होता. ३३३ वेस्ट वॅकरची हिरवी काच नदीच्या वळणाबरोबर वळते. आणि १५० नॉर्थ रिव्हरसाइड बघून तर पोटात गोळाच येतो: एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला नदी, म्हणून ५४ मजल्यांचा सगळा भार अगदी अरुंद बुंध्यावर पेललेला.

ज्या पाण्यावरून तुम्ही जाता ते पाणीही उलटं वाहतं. पूर्वी नदी शहराची घाण घेऊन सरोवरात जायची आणि पिण्याचं पाणीही त्याच सरोवरातून यायचं. रोगराईला कंटाळून शहराने कालवा खणला आणि १९०० साली नदीचा प्रवाहच फिरवला. हे सगळं बोटीत बसून, एक पाऊलही न चालता कळतं. आईवडील सोबत असतील, गुडघे कुरकुरत असतील, तर याहून सोयीचं काही नाही. वरच्या डेकवर सावली नसते, एवढं लक्षात ठेवून टोपी आणि पाण्याची बाटली घ्या. इतर कंपन्यांच्या ७५ मिनिटांच्या फेऱ्याही चांगल्या असतात. सरोवरात नेणाऱ्या वेगवान बोटींत मुलांना मजा येते, पण इमारती लांब राहतात.

टॉवरच चढायचा असेल तर

मग प्रश्न येतो विलिस की हॅनकॉक. मूळ नाव सीअर्स टॉवर असलेला विलिस ११० मजली, ४४२ मीटर उंच. १९७०च्या दशकात पुरा झाला आणि १९९८पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत म्हणून मिरवला. १०३व्या मजल्यावर इमारतीबाहेर काढलेल्या काचेच्या खोक्यांत उभं राहता येतं आणि पायाखाली थेट रस्ता दिसतो. हॅनकॉक १९६९चा, शंभर मजली. २०१८मध्ये त्याच्यावरून हॅनकॉक हे नाव काढलं, तरी लोकांच्या तोंडी तेच आहे. तिथली प्रेक्षागॅलरी ९४व्या मजल्यावर.

आकड्यांवर गेलात तर विलिस जिंकतो. मी मात्र हॅनकॉक सुचवते. तो सरोवराच्या काठाला लागून आहे, त्यामुळे खाली किनाऱ्याची वळणदार रेघ दिसते, दक्षिणेला अख्खा शहरमध्य दिसतो आणि त्यात विलिसही दिसतो. विलिसवरून विलिस दिसत नाही. काचेच्या खोक्यात फोटो काढायचाच असा मुलांनी हट्ट धरला असेल, तर मात्र विलिसला पर्याय नाही.

दोन्ही इमारतींचा सांगाडा एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेला आहे: ढाक्यात जन्मलेले आणि तिथेच शिकलेले इंजिनिअर फझलूर रहमान खान. हॅनकॉकवर बाहेरून दिसणाऱ्या भल्यामोठ्या फुल्या नुसत्या शोभेच्या नाहीत, वाऱ्याचा जोर त्याच घेतात. विलिसमध्ये त्यांनी नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. त्या वेगवेगळ्या उंचीवर थांबतात आणि शेवटपर्यंत दोनच पोहोचतात. हे रस्त्यावरून, मान वर करून, फुकटात समजून घेता येतं. मुलांना ते जरूर दाखवा. आपल्या उपखंडातल्या एका इंजिनिअरने या शहराची क्षितिजरेषा ठरवली, हे त्यांना कळायला हवं.

आर्ट इन्स्टिट्यूट, फील्ड की सायन्स म्युझियम

इथे मात्र सोबत कोण आहे यावर सगळं अवलंबून आहे.

मोठी माणसं असतील तर आर्ट इन्स्टिट्यूट. ‘आम्हाला चित्रांतलं काही कळत नाही’ असं म्हणून बरेच जण ते टाळतात. कळण्याची गरज नाही. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा यांचं ‘ग्रांद जात’ बेटावरच्या रविवारच्या दुपारचं चित्र समोरून बघा, मग जवळ जाऊन बघा आणि परत मागे या. ठिपक्यांची माणसं होताना बघायला कुठलं शिक्षण लागत नाही. हॉपरचं ‘नाइटहॉक्स’ इथेच आहे, ‘अमेरिकन गॉथिक’ही इथेच आणि व्हॅन गॉगची निजायची खोलीही.

शिवाय ही वास्तू आपल्यासाठी नुसतं संग्रहालय नाही. ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषद भरली ती याच इमारतीत. विवेकानंद बोलले ते तात्पुरतं सभागृह आता उरलेलं नाही, पण फुलर्टन हॉलपाशी स्मृतिफलक आहे आणि बाहेरच्या मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या तुकड्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. याच परिषदेत मुंबईचे बी. बी. नागरकर भारतातल्या समाजसुधारणेवर बोलले होते, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नाही, याचं वाईट वाटतं. २०१० साली मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी विवेकानंदांच्या त्या भाषणाचे शब्द इथल्या मुख्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी लिहिले होते. त्या जिन्यावर दोन मिनिटं थांबावंसं वाटतंच.

पाच ते बारा वयाची मुलं असतील तर फील्ड, म्हणजे निसर्गाच्या इतिहासाचं संग्रहालय. ‘सू’ नावाचा टी-रेक्स ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा आणि जगातल्या सर्वांत पूर्ण सांगाड्यांपैकी एक. मोठ्यांसाठी इथे त्सावोचे दोन सिंह आहेत, आयाळ नसलेले, काचेमागे पेंढा भरून ठेवलेले. १८९८मध्ये केनियात रेल्वे बांधणाऱ्या मजुरांना त्यांनी खाल्लं, आणि त्या मजुरांत इंग्रजांनी नेलेले भारतीय मोठ्या संख्येने होते. सिंह मारणाऱ्या पॅटरसनने बळींचा आकडा १३५ सांगितला, २००९च्या अभ्यासातून तो ३५च्या आसपास निघाला. मुलं डायनोसॉरकडे धावतील, तुम्ही या कपाटासमोर थोडं थांबा. ती माणसं आपलीच होती.

सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम, ज्याच्या नावात आता ग्रिफिन आलं आहे, शहरमध्यापासून बरंच दक्षिणेला पडतं. १९४४ साली समुद्रात पकडलेली यू-५०५ ही जर्मन पाणबुडी तिथे अख्खी ठेवलेली आहे. यंत्रांचं वेड असलेला मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर तिथे पूर्ण दिवस द्या. दोन दिवसांच्या मुक्कामात इतरांनी ते सोडलं तरी चालेल.

पैशाच्या बाबतीत आर्ट इन्स्टिट्यूट सोयीचं आहे, कारण चौदा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मात्र मंगळवारी आणि बुधवारी ते सहसा बंद असतं, तेव्हा वार बघूनच बेत ठरवा. इलिनॉयच्या रहिवाशांना संग्रहालयांत काही दिवस मोफत असतात. मुलगा किंवा सून इथे राहत असली, तरी ती सवलत भारतातून आलेल्या आईवडिलांना लागू होत नाही, पत्त्याचा पुरावा मागतात. पाच ठिकाणांचा एकत्रित सिटीपास चार-पाच दिवस असतील तरच परवडतो. दोन दिवसांत तो वसूल करायच्या नादात फक्त धावपळ होते.

फुकट, आणि तरीही न चुकवण्यासारखं

बीन, म्हणजे ‘क्लाउड गेट’, मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं. पोलादाचे १६८ पत्रे जोडलेत आणि सांधा एकही दिसत नाही. दुपारी गर्दीत त्यात आपलाच चेहरा सापडत नाही. सकाळी लवकर जा. शेजारच्या क्राउन फाउंटनमध्ये उन्हाळ्यात मुलांना भिजू द्या, कोरडे कपडे मात्र सोबत हवेत.

रस्ता ओलांडला की कल्चरल सेंटर. १८९७ची ही जुनी सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत, वर टिफनीचा रंगीत काचेचा प्रचंड घुमट, आणि तिकीट शून्य. पाहुण्यांच्या यादीत हे नाव जवळजवळ कधीच नसतं. माझ्या यादीत ते नेव्ही पियरच्या पुष्कळ वर आहे. पियरवर पाळणा आहे, दुकानं आहेत, उन्हाळ्यात ठरावीक रात्री आतषबाजी असते. संध्याकाळ मोकळी असेल तर जा, त्यासाठी दुसरं काही सोडू नका. शहराचा सर्वांत सुंदर फोटो हवा असेल तर अ‍ॅडलर तारांगणाच्या टोकाशी जा. मध्ये पाणी, पलीकडे सगळ्या इमारती ओळीने. सूर्यास्ताच्या वेळी तिथे असलात तर टॉवरचं तिकीट वाचलं म्हणून समजा.

जेवणासाठी एक वेळ डीप डिश पिझ्झा ठीक आहे. तो ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास घेतो, मुलं भुकेली असताना जाऊ नका. आईवडिलांना भाजी-भाकरीची आठवण यायला लागली की भारतीय दुकानांचा डेव्हन अ‍ॅव्हेन्यू आहेच. पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा साखळीचं पहिलं दुकान १९७४ साली तिथेच उघडलं.

हे सगळं एप्रिल ते ऑक्टोबर धरून सांगितलं. जानेवारी-फेब्रुवारीत येणार असाल तर बोट बंद असते, अ‍ॅडलरच्या टोकावर वारा उभं राहू देत नाही, आणि माझा क्रम बदलतो. तेव्हा पहिला दिवस आर्ट इन्स्टिट्यूट आणि कल्चरल सेंटरला द्या, दोन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दुसऱ्या दिवशी लिंकन पार्कचं काचघर बघा, आत कडाक्याच्या थंडीतही हिरवंगार असतं. टॉवरचं तिकीट मात्र घरून निघताना काढून ठेवू नका. ढग खाली उतरले की वरून नुसतं पांढरं दिसतं. सकाळी आकाश निरभ्र दिसलं तर तेव्हाच फोनवरून काढा आणि हॅनकॉकला जा. कोरड्या थंडीतल्या अशा दिवशी गोठलेला किनारा वरून स्वच्छ दिसतो.