एक तोळ्याची गोळी आणि तिला मानवणारी दारू: एच ४८३१ एससी, तीन सीझन वापरून

आधीच सांगतो, दारू म्हंजे बंदुकीची दारू, बाटलीतली नव्हे. मागे एकदा आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर "यंदा कुठली दारू भरताय" असं एकाला विचारलं तर तिसऱ्याच माणसाने सिंगल मॉल्टची लिस्ट टाकली होती.

मी कोलोरॅडोत राहतो, मूळचा कुडाळकडचा. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, डुकरं आणि वांदर हाकलायला, आणि ते काळी दारू अंदाजाने ओतायचे, वर काथ्या ठासायचे आणि काम झालं. मी इथे गॅरेजमध्ये बसून एका ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत, म्हंजे साधारण साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत दारू तोलतो. आजोबांनी बघितलं असतं तर हसले असते. पण ठासणीची काळी दारू आणि आताची बिनधुराची दारू यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, इथे अंदाज चालत नाही. आणि हो, हे सगळं अमेरिकेतलं आहे. इथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरता येतात आणि टॅग, म्हंजे शिकारीचा परवाना, घेऊन एल्क मारता येतो. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि परवान्याशिवाय काडतुसं भरणं गुन्हा आहे, तेव्हा गावाकडच्या मंडळींनी हे नुसतं वाचायला वाचा.

माझी रायफल थर्टी-ऑट-सिक्स, म्हंजे .३०-०६, १९०६ साली अमेरिकन लष्कराने घेतलेलं काडतूस, अजून ठणठणीत. बॅरल २२ इंची. हरणाला १५० ग्रेनची गोळी भरपूर होते, पण एल्क म्हंजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, नर तीनशे किलोच्या आसपास, खांद्याचं हाड जाडजूड, म्हणून मी १८० वर गेलो. आता गंमत बघा, आपला जुना तोळा म्हंजे बरोबर १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम (हल्लीचे सोनार १० ग्रॅमला तोळा म्हणतात तो वेगळा). तेव्हा मी अक्षरशः एक तोळ्याची गोळी मारतो. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, सोन्याचीच भर ना मग, भाव तोच पडतोय.

तर गोळी जड झाली की दारू बदलावी लागते हे मला सुरुवातीला डोक्यात शिरत नव्हतं. मला वाटायचं जड गोळी म्हंजे जास्त जोराची, चटकन पेटणारी दारू पाहिजे. उलटं आहे. हलकी गोळी पटकन सरकते, मागे जागा होते, गॅसला मोकळीक मिळते. जड गोळी जागची हलायलाच वेळ लावते, तेवढ्यात भराभर जळणारी दारू असेल तर प्रेशर एकदम टोकाला जातं, गोळीला वेग मिळायच्या आधीच लिमिट येतं (.३०-०६ ला ६०,००० पीएसआय). सावकाश जळणारी दारू मात्र गोळी बॅरलमधून पुढे जात असताना मागून ढकलत राहते. बंद पडलेली एसटी ढकलायची तर धावत येऊन धडक मारून उपयोग नसतो, चार जणांनी खांदा लावून रेटत राहावं लागतं, तसंच.

पण सावकाश म्हंजे किती सावकाश? बर्न रेटच्या तक्त्यात (भराभर जळणारी दारू वर, सावकाश जळणारी खाली) बघून मी पहिल्यांदा अगदी तळाची, मोठ्या मॅग्नम काडतुसांसाठीची दारू आणायला निघालो होतो. शेजारी एक रिटायर्ड काका आहेत, चाळीसेक वर्षं भरतायत, त्यांनी अडवलं. म्हणाले तुझ्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळीत) ती मावायचीच नाही, मावेल तेवढ्यात प्रेशर धड होणार नाही, अर्धवट जळलेले दाणे बॅरलमध्ये सापडतील. आणि सावकाश दारू मॅन्युअलमधल्या (कुठल्या गोळीला कुठली दारू किती, याच्या पुस्तकातल्या) सुरुवातीच्या आकड्याच्याही खाली भरणं हा वेगळाच धोका, कमी भरली म्हंजे सेफ असं नसतं. .३०-०६ मध्ये १८० ग्रेनसाठी बघायचं ते ४३५० ते ४८३१ (ही दारूंची नावंच) च्या पट्ट्यात, हे त्यांचं पहिल्या दिवसाचं वाक्य आणि तीन वर्षांनी मी फिरून तिथेच आलोय.

मी तीन दारू वापरल्या. हॉजडनची एच ४३५०, हॉजडनचीच एच ४८३१ एससी, आणि तिसरी एक दुसऱ्या कंपनीची जिचं नाव घेत नाही कारण चूक अर्धी माझी होती. किती ग्रेन भरली ते मुद्दाम लिहीत नाहीये. माझ्या रायफलला चाललेला आकडा तुमच्या रायफलला चालेलच असं नाही, मॅन्युअल काढा, खालच्या आकड्यापासून सुरू करा, वर चढत जा.

तिसरीचा किस्सा आधी. वेगाला ती सगळ्यात भारी. मी तिचा लोड, म्हंजे गोळी आणि दारूचं माप, फेब्रुवारीत बसवला, बाहेर बर्फ, मॅन्युअलच्या वरच्या आकड्याच्या अगदी जवळ, ग्रुप सुरेख (गोळ्या जवळजवळ लागलेल्या), क्रोनोग्राफवर, म्हंजे वेग मोजायच्या यंत्रावर, २,६९० फूट/सेकंद, म्हटलं जिंकलो. जुलैमध्ये तीच काडतुसं घेऊन रेंजवर गेलो, ३४ डिग्री, डबा गाडीत तापलेला. पहिलाच बार वेगळा वाटला आणि बोल्ट (रायफलची कडी) उचलायला गेलो तर जड. नेहमी बोटाने उचलतो, तिथे तळहात मारावा लागला. पुंगळी हातात घेऊन बघितली तर प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) चपटा होऊन कडेपर्यंत पसरलेला आणि बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत गोल ठसा उमटलेला, सगळी प्रेशर हद्दीबाहेर गेल्याची लक्षणं. वेग २,७४५. म्हंजे थंडी ते ऊन पंचावन्न फुटांचा फरक. उरलेली सतरा काडतुसं तशीच घरी आणली आणि गोळी उपसायच्या हातोड्याने एकेक ठोकून मोकळी केली, दुपार गेली त्यात.

आता कोणी म्हणेल पंचावन्न फुटांनी काय होतंय, ३०० यार्डावर इंच-दीड इंच खाली-वर, एल्कची छाती काय पेरूएवढी आहे का. बरोबर आहे, निशाणाच्या दृष्टीने फार नाही. माझा मुद्दा तो नाही. थंडीत टोकाला नेलेला लोड उन्हाळ्यात टोकाच्या पलीकडे जातो, आणि जड गोळीच्या मागे प्रेशरला वाव आधीच कमी असतो.

म्हणून ऊन-थंडीत फारशी न बदलणारी एच ४८३१ एससी. हिचा इतिहास मला आवडतो. दुसऱ्या महायुद्धात २० मिलिमीटर तोफेसाठी बनवलेली दारू युद्धानंतर ढिगाने पडून होती, ती ब्रूस हॉजडन यांनी घेऊन काडतुसं भरणाऱ्यांना विकायला सुरुवात केली आणि तिथून ४८३१ हे नाव घराघरात गेलं. आता ती ऑस्ट्रेलियात मुलवालाला बनते. एससी म्हंजे शॉर्ट कट, दाणे आखूड कापलेले. जुनीचे दाणे लांब, शेवयांच्या चुऱ्यासारखे, मापाच्या यंत्रात अडकायचे आणि दांडा फिरवला की कचकन कापले जायचे, मग एकात जास्त एकात कमी. आखूड दाण्यांची बऱ्यापैकी नीट मापते. तरी मी शेवटचे दोन-तीन दाणे तराजूवर हातानेच टाकतो, सवय.

दारू भुसभुशीत, जागा खाणारी. १८० ग्रेनसाठी वरच्या आकड्याला पुंगळी मानेपर्यंत भरते आणि गोळी बसवताना दारू दाबली जाते, प्रेसचा दांडा खाली घेताना कुरमुऱ्यावर पाय पडल्यासारखा बारीक कुर्र आवाज येतो. पहिल्यांदा मी घाबरून थांबलो होतो. मॅन्युअलमध्ये त्या आकड्यापुढे कंप्रेस्डची खूण असेल तर घाबरायचं कारण नाही. लांब नळीच्या फनेलमधून सावकाश ओता, पोत्यात गहू हलवून हलवून बसवतात तशी ती बसते. आणि भरलेल्या पुंगळीचा एक फायदा, चुकून दोनदा भरायला जाल तर बाहेर सांडेल, गुपचूप डबल चार्ज होणार नाही.

आकडे: जुलैत २,६७२, नोव्हेंबरात उणे १२ ला क्रेग गावाच्या बाजूला कॅम्पवर मोजले तर २,६५८. चौदा फूट. एच ४३५० ने जुलैत २,७०५ आणि थंडीत २,६९४, म्हंजे तीही तितकीच सरळ आणि वर तीसेक फूट जास्त. मग एच ४३५० का नाही? खरं सांगू, १८० पर्यंत तीच घेतली तरी काही बिघडत नाही, एकच डबा ठेवायचा असेल तर तीच घ्या, १५० लाही चालेल. पण माझ्या रायफलला ४८३१ चे ग्रुप जास्त आवडले, १०० यार्डावर तीन गोळ्या इंचाच्या आत सारख्या, आणि २०० ग्रेनवर गेलो तेव्हा तर फरक स्पष्टच दिसला. शिवाय एच ४३५० दुकानात दिसली की लोक कांद्याचे भाव पडल्यासारखे धावतात, टार्गेटवालेही तीच वापरतात ना.

एक मात्र, अख्ख्या तांब्याच्या गोळ्या मारणार असाल तर थोडा वेगळा विचार करा. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीतली जागा खाते, मग आधीच भुसभुशीत असलेली ही दारू मावेना होते. तिथे मी १६५ किंवा १६८ ची गोळी आणि एच ४३५० कडे वळेन.

आणि हे मोठ्या अक्षरात समजा: एच ४८३१ आणि आयएमआर (हा दुसरा ब्रँड) ४८३१ या एक नाहीत. आकडा सारखा, डबे एकाच फळीवर, पण आयएमआरवाली जास्त भराभर जळते. एचचा आकडा बघून आयएमआर भरली तर गेलात. ४३५० चंही तसंच, एचचा डेटा वेगळा आणि आयएमआरचा वेगळा. मी स्वतः एकदा फोन घ्यायला उठलो, परत आलो तर टेबलावर दोन डबे आणि मापाच्या यंत्रात कुठली ते आठवेना. दोन्ही काळपट करड्या, दिसायला बहिणी. सगळी फेकली, म्हंजे काकांच्या सांगण्यावरून लॉनवर पातळ पसरली, नायट्रोजन असतो त्यात. साठेक डॉलरचं गवत. तेव्हापासून टेबलावर एका वेळी एकच डबा.

किंमत आता पाउंडाला पन्नास-साठ डॉलर पडते, ऑनलाइन मागवली तर वर हॅझमॅटची (धोकादायक माल पाठवायची) फी, म्हणून एकच पाउंड मागवणं परवडत नाही, दोघं-तिघं मिळून मागवतो. एका पाउंडात ७,००० ग्रेन, .३०-०६ ची सव्वाशेच्या आसपास काडतुसं होतात. डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा, नवा लॉट आला की मी पुन्हा खालून सुरू करतो. माझ्याकडे जुन्या लॉटची अर्धा पाउंड उरलीये, गेल्या आठवड्यात दुकानात विचारलं तर म्हणाला मंगळवारी सकाळी ट्रक येतो, नऊच्या आधी ये.