आरटीए की ड्रिपर? पाच अ‍ॅटमायझर वापरून झाल्यावर जे वाटतंय ते

विषय व्हेपचा, म्हणजे ई-सिगरेटचा, आणि तिच्यातल्या अ‍ॅटमायझरचा, जो निकोटिनचा ज्यूस तापवून वाफ करतो. आधीच सांगतो, जो काहीच ओढत नाही त्याने हे वाचून यात अजिबात पडू नका. निकोटिन आहे, चटक लागते, आणि रीबिल्डेबलमध्ये, म्हणजे ज्यात तार आणि कापूस स्वतः लावायचा त्या अ‍ॅटमायझरमध्ये, तर निकोटिनपेक्षा तारेची चटक जास्त लागते. मी सिगरेट सुटावी म्हणून साधी तयार कॉइलवाली, म्हणजे तापणारं तारेचं वेटोळं आधीच बसवलेली टाकी घेतली होती, आठवड्या दीड आठवड्यात कॉइल करपायची, फेकायची, नवीन लावायची, मग कुणीतरी म्हणालं अरे स्वतः गुंडाळ की, आणि झालं! टेबलावर पाने, चिमटे, तारेची रिळं आणि कापसाचा ढीग.

आतापर्यंत पाच अ‍ॅटमायझर वापरले, दोन ठेवले, तीन गेले. ते नेमके दोनच का राहिले तेवढंच सांगायचंय.

अगदी नवीन लोकांसाठी थोडक्यात. आरडीए म्हणजे ड्रिपर, टाकी नाही, वरून थेंब थेंब ज्यूस टाकायचा, पाच सहा झुरके, परत टाकायचा. आरटीए म्हणजे त्याच डेकभोवती, म्हणजे कॉइल बसवायच्या तळाभोवती, टाकी. आरडीटीएमध्ये टाकी खाली आणि डेक वर. शिवाय खालून ज्यूस चढवणारा स्क्वॉन्क, तो खरं तर ड्रिपरच, फक्त ५१० पिनला, म्हणजे मॉडला जोडणाऱ्या मधल्या पिनला, मधून भोक असतं आणि बाटली मॉडमध्ये, म्हणजे बॅटरीच्या डब्यात बसते. बाकी सगळं यातलीच उलटापालट.

माझा पहिला आरटीए कोणता ते सांगत नाही, कारण अर्धी चूक माझीच होती हे मला फार उशिरा कळलं. खालून हवा घेणारा होता, दिसायला एकदम देखणा, आणि गळायचा. म्हणजे नुसता ओलसर नाही, सकाळी उठून बघावं तर मॉडखाली डबकं. ओ-रिंग बदलल्या, काच बदलली, चिडून एकदा फेकणारही होतो, आणि मग लक्षात आलं की मी कापूस फार आखूड कापत होतो. आरटीएमध्ये ज्यूस खाली येऊ न देण्याचं काम दोघं मिळून करतात, टाकीत वर तयार झालेली पोकळी आणि ज्यूसच्या वाटेत बसलेला कापूस. कापसाने ती वाट पूर्ण झाकली नाही तर बाजूने हवा टाकीत शिरते, पोकळी जाते, आणि ज्यूस सरळ हवेच्या भोकातून बाहेर. आणि भीतीपोटी जास्त कोंबला की उलटं, ज्यूस कॉइलपर्यंत पोचतच नाही आणि तिसऱ्या झुरक्याला तो करपट झटका, ज्याला बसलाय त्यालाच माहीत, अर्धा दिवस तोंडातून जात नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की अ‍ॅटमायझर घेताना ढग किती येतो, चकाकी कशी, ड्रिप टिप, म्हणजे तोंडात धरायची नळी, कुठली हे सगळं नंतर. आधी कापसाची शेपटं जिथे बसणार ती जागा बघा. जागा मोठी आणि सरळ, वरून बघितल्यावर एका नजरेत कळणारी हवी. ती अरुंद आणि वाकडी असेल तर कितीही भारी नाव असो, तुमचे पहिले दहा बिल्ड, म्हणजे कॉइल-कापसाची बांधणी, वाया जाणार.

दुसरी बघायची गोष्ट डेक. जुने ड्रिपर तीन पोस्टचे, म्हणजे तारेची टोकं धरणाऱ्या खांबांचे असायचे, मधल्या पोस्टच्या एकाच भोकात दोन्ही कॉइलचे पाय घालायचे, म्हणजे एक धरावा तर दुसरा सुटतो. मग वेलॉसिटी डेक आला, दोन उभे पोस्ट, प्रत्येकाला दोन भोकं, चार पायांना चार जागा, आणि निम्मी कटकट संपली. आता पोस्टलेस, म्हणजे डेड रॅबिट किंवा ड्रॉपसारखे, यात पाय वरून सोडायचे आणि बाजूचा स्क्रू आवळायचा. सोपं आहे पण पाय आधी मोजून कापावे लागतात, साधारण ५ ते ६ मिलिमीटर, आणि मोजमाप चुकलं तर कॉइल फार खाली बसते किंवा एक वर एक खाली. गूनसारखे चिमटा डेक मला आवडतात, जाड तार असेल तर पट्टी आवळली की विषय संपला, पण बारीक तार त्यात कधी कधी सटकते.

आणि स्क्रू!! याबद्दल कुणी बोलत नाही. एका अ‍ॅटीचे, म्हणजे अ‍ॅटमायझरचे, स्क्रू इतके मऊ होते की महिन्याभरात डोकी झिजली, पाना नुसता गरगर फिरायचा, शेवटी एकाचे आटेच गेले आणि अख्खा डेक भंगारात. आता घेताना बघतो, डब्यात जास्तीचे स्क्रू आणि ओ-रिंग आहेत का, नसतील तर बाहेर मिळतात का. सपाट खाचेचा किंवा प्लस डोक्याचा स्क्रू मला बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूपेक्षा बरा वाटतो, बारीक अ‍ॅलन पाना नेमका हवा तेव्हा हरवतो.

आता जे राहिले ते दोन. एक गीकव्हेपचा झ्यूस, सिंगल कॉइलवाला. हवा वरून घेतो आणि आतल्या वाटेने कॉइलच्या खाली आणि बाजूला नेऊन सोडतो, त्यामुळे गळायला खाली भोकच नाही. माझ्यासारख्या धसमुसळ्या माणसासाठी ही गोष्ट सोन्यासारखी आहे, बॅगेत आडवा पडला तरी कोरडा. तक्रार एवढीच की हवेला वळसा घालून यावं लागतं, म्हणून चव थोडी बोथट लागते, थेट खालून हवा लागणाऱ्या कॉइलची धार त्यात नाही. शिवाय हवेच्या कड्याजवळ वाफेचं पाणी साचतं, ते अधूनमधून पुसावं लागतं, त्याला गळती समजून घाबरू नका.

दुसरा वास्प नॅनो, २२ मिलिमीटरचा छोटा ड्रिपर, एकच कॉइल, डेक इतका साधा की डोळे अर्धवट उघडे असतानाही बिल्ड होतो. आतली जागा लहान म्हणून चव दाट लागते. पण पडतो फार लवकर कोरडा, ज्यूस टाकत बसायचा कंटाळा असेल तर नको. घरी बसून नवीन फ्लेव्हर चाखायचा असेल तर मात्र याला पर्याय नाही, पाच मिनिटांत कापूस बदलला की पुढचा.

ज्यांना सिगरेटसारखा घट्ट, आधी तोंडात मग छातीत असा झुरका हवा, म्हणजे एमटीएल, त्यांनी मोठ्या हवेचे अ‍ॅटी घेऊच नयेत. हवा अर्धी बंद करून तो झुरका येत नाही, नुसती शिट्टी वाजते. कायफन किंवा ड्वार्व एमटीएलकडे जा. ड्वार्वमध्ये हवेची छोटी छोटी इन्सर्ट बदलून झुरका घट्ट सैल करता येतो, मित्राचा महिनाभर वापरला होता, परत देताना जीवावर आलं.

बिल्डकडे येतो. नवीन माणूस फ्यूज्ड क्लॅप्टन आणि एलियन अशा गुंतागुंतीच्या कॉइलचे फोटो बघून तिथूनच सुरुवात करतो, तसं करू नका. साधी गोल तार घ्या. कँथल नावाच्या मिश्रधातूची २६ गेज, म्हणजे साधारण ०.४० मिलिमीटर जाड, ३ मिलिमीटरच्या दांड्यावर ६ वेढे, एका कॉइलला अंदाजे ०.८५ ओहम येईल. तशाच दोन लावल्या की निम्मे, ०.४२ च्या आसपास. तेच वेढे निक्रोम ८० या दुसऱ्या मिश्रधातूचे घेतले तर एका कॉइलला ०.६३ वगैरे, कारण निक्रोमचा रोध कमी, आणि तापतेही जरा चटकन. एमटीएलसाठी २८ गेज कँथल, २.५ च्या दांड्यावर ६ वेढे, १.१ ओहमच्या पुढे मागे. ३१६एल स्टील तेव्हाच घ्या जेव्हा टेम्परेचर कंट्रोल वापरायचाय, कारण तापल्यावर त्याचा रोध वाढतो आणि मॉडला त्यावरून तापमान कळतं, कँथलचा जवळजवळ बदलतच नाही म्हणून तो तिथे चालत नाही. टायटॅनियम आणि निकेल या मोडमध्येच वापरायचे, आणि टायटॅनियम कोरडं लाल करून बघायचं नाही म्हणजे नाही.

कॉइल बसवल्यावर कमी वॉटवर हलकेच तापवा, सिरॅमिक चिमट्याने वेढे जवळ दाबा आणि मध्ये मध्ये वरून खरवडा, जोवर लाली बरोबर मधोमध सुरू होऊन दोन्ही कडांकडे पसरत नाही तोवर कापूस लावायचाच नाही. एखादा वेढा एकटाच आधी पेटत असेल तर तो हॉट स्पॉट, तिथेच कापूस करपणार. साधा लोखंडी चिमटा वापरत असाल तर बटणावरचं बोट आधी काढा, नाहीतर शॉर्ट.

कापूस कुठला यावर लोक भांडतात. मी कॉटन बेकन वापरतो, पट्टीतला जपानी कापूसही चांगला. फरक ब्रँडपेक्षा हाताचा पडतो. आत ओढताना थोडा अडला पाहिजे पण कॉइल सोबत सरकता कामा नये. शेपटं विंचरून टोकाला विरळ करायची, आरटीएमध्ये ती डेकच्या तळाला जेमतेम टेकतील एवढीच, आणि टाकी लावायच्या आधी ज्यूस टाकून पूर्ण भिजवायची. शेवटी ही वातच आहे, वात घट्ट पिळली की तेल चढत नाही. ज्यूस ७०-३० वगैरे, म्हणजे व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) जास्त असलेला दाट असेल तर कापूस आणखी विरळ, ५०-५० पातळ असेल तर थोडा भरीव. आणि सॉल्ट निकोटिनचा कडक ज्यूस चुकूनही मोठ्या हवेच्या सब-ओहम, म्हणजे एक ओहमपेक्षा कमी रोधाच्या, अ‍ॅटीत घालू नका, दोन झुरक्यांत डोकं गरगरतं, अनुभव आहे.

बॅटरीचं मात्र मस्करीत घेऊ नका. रेग्युलेटेड मॉड असेल तर तो शॉर्ट ओळखून थांबतो. मेकॅनिकल मॉडमध्ये बॅटरी आणि कॉइलच्या मध्ये कुठलं सर्किटच नाही, हिशोब तुमचा. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट, भागिले ओहम. ०.५ ला ८.४ अँपिअर, ठीक. ०.१५ ला २८ अँपिअर, आणि सॅमसंगची २५आर सारखी नावाजलेली १८६५० आकाराची बॅटरी सुद्धा सलग २० अँपिअरचीच आहे. हायब्रिड मॉडमध्ये, म्हणजे ज्यात बॅटरी थेट अ‍ॅटीला टेकते त्यात, अ‍ॅटीची ५१० पिन आट्यांच्या बाहेर स्पष्ट आलेली नसेल तर बॅटरीचे दोन्ही ध्रुव थेट जुळतात. सुरुवात करणाऱ्याने मेकॅनिकल घेऊच नये, याबद्दल मला वाद घालायचा नाही. बॅटरीचं आवरण फाटलं असेल तर आधी ते बदला, मग बाकीचं.

जाळीवाले, म्हणजे मेश, थोडे वापरले. वोटोफोच्या प्रोफाइलमध्ये जाळीची पट्टी चिमट्यात अडकवायची आणि खाली स्प्रिंगवर बसलेला सिरॅमिकचा ठोकळा कापूस जाळीला दाबून धरतो. कल्पना झकास, तापतं पटकन, चव सगळीकडे सारखी. पण कापूस तसूभर कमी पडला की जाळीच्या मधोमध कोरडा डाग, आणि ज्यूस पितो पाण्यासारखा. मी दिला कुणाला तरी.

नवीन अ‍ॅटी आला की सगळा सुटा करून गरम पाणी आणि साबणाने धुवा, कारखान्याचं तेल आट्यांत असतं आणि पहिल्या टाकीला त्याचीच चव येते. टाकी प्लास्टिकची असेल तर लिंबू-संत्र्यासारखे, दालचिनीचे आणि मेंथॉलचे ज्यूस तिला तडे पाडू शकतात, त्यासाठी काच बरी, आणि जास्तीची काच आधीच घेऊन ठेवा. माझी पहिली काच फरशीवर फुटली ती टाकी काठोकाठ भरल्यावर अर्ध्या मिनिटात.