ओपीसी की पीपीसी: घराच्या सिमेंटमधला कार्बन

घरात पहिला दिवा लागण्याआधीच त्या घरापायी बराच कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. आरसीसी बांधकामात त्यातला मोठा वाटा सळई आणि सिमेंटचा. इथे फक्त सिमेंटच्या गोणीबद्दल.

ओपीसी, म्हणजे ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंट, हे जवळजवळ सगळं क्लिंकर आणि थोडा जिप्सम. चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजून क्लिंकर बनतं. दोष आपण भट्टीच्या कोळशाला देतो, पण निम्म्याहून जास्त कार्बन खुद्द चुनखडीतूनच सुटतो. इंधन कितीही स्वच्छ वापरा, तो सुटणारच. त्यामुळे खरा उपाय एकच: क्लिंकरच कमी वापरायचं.

पीपीसी, म्हणजे पोर्टलंड पॉझोलाना सिमेंट, नेमकं तेच करतं. त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते, म्हणजे कोराडी, चंद्रपूरसारख्या औष्णिक वीजकेंद्रांतली राख. टक्केवारी गोणीवर छापलेली असते. ती वाचून मगच माल उतरवून घ्या.

ओपीसीची जमेची बाजू वेग. ताकद लवकर येते, सेंट्रिंग लवकर निघतं, म्हणून ठेकेदाराचा ओढा तिकडेच. पीपीसी सावकाश ताकद धरतं. ओपीसीला किमान ७ दिवस पाणी मारावं लागतं, पीपीसीला किमान १०. कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाण्याची टंचाई असेल तर हा मुद्दा किरकोळ नाही.

तरी साध्या दुमजली घराला मी पीपीसीच सुचवेन. फक्त ‘मजबुतीसाठी’ दोन गोण्या जास्त ओतायला मिस्त्रीला परवानगी देऊ नका. राखेमुळे वाचलेला कार्बन तिथेच परत खर्ची पडतो.