विहिरीचं पाणी : चांदीचा फिल्टर की क्लोरीनचे थेंब?

साकोलीकडच्या भाच्याने विचारलं, "मामा, नॅनो-चांदीचा फिल्टर घेऊ, की थेंबच टाकत राहू?"

अशा फिल्टरमध्ये राख असते, बहुधा आपल्याच धानाच्या तुसाची. तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका, म्हणजे वाळूतलाच मुख्य घटक, असते. तिच्यावर चांदीचे सूक्ष्म कण बसवतात, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि चांदीचे आयन (विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण) हळूहळू सुटून जिवाणूंचं आवरण बिघडवतात. विषाणूंवर मात्र हा मारा कमजोर. क्लोरीन दोघांनाही मारतं, अर्ध्या तासात. पण पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात त्याची ताकद गाळातच खर्च होते. आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, मग थेंब.

खर्चात थेंब स्वस्त. फिल्टरची कांडी ठरल्या लिटरनंतर बदलावीच लागते, आणि ती तालुक्याला मिळते का हे आधी विचारून घ्या.

सुरक्षिततेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपर्यंत चांदी चालते. सिलिकाचा धोका पोटाला नाही, फुप्फुसाला: फार तापवलेल्या तुसाची राख स्फटिकरूप होते, तिची धूळ श्वासात जाणं वाईट. म्हणून राईस मिलमागची राख आणून घरीच फिल्टर करायचा उद्योग नको.

विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड हा विरघळलेला क्षार असेल, तर तो मात्र फिल्टर आणि थेंब या दोन्हींनी जात नाही.

घरात तान्हं बाळ असेल, गावात हगवणीची साथ असेल, तर थेंबच. पाणी स्वच्छ दिसतं पण क्लोरीनचा वास कुणी सोसत नाही, अशा घराने फिल्टर घ्यावा. भाच्याची विहीर आषाढात गढूळते. त्याला मी तुरटी आणि थेंबच सांगितले.