कोसंबी वाचायचे तर आधी काय: ‘निवेदन’ की ‘भगवान बुद्ध’?

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवरून उतरलं की बुद्धावर काहीतरी पुराव्यानिशी वाचावंसं वाटतं, आणि मराठीत मग बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींकडेच जावं लागतं. आता ‘भगवान बुद्ध’ या त्यांनी लिहिलेल्या बुद्धचरित्रापासून सुरू करायचं, की ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मचरित्रापासून?

‘भगवान बुद्ध’चं वजन मोठं आहे, वादच नाही. सिद्धार्थ मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही गोष्ट कोसंबी बाजूला ठेवतात. आईवडील रडत असताना त्यांच्यादेखत त्याने घर सोडलं, हे ते अरियपरियेसन सुत्त या बुद्धाच्या पाली भाषेतल्या उपदेशातून दाखवतात. ज्या गावात बौद्ध लेण्यांना अजून पांडवांची म्हणतात, तिथे अशी पाखडणी हवीच.

मला मात्र ते पहिल्या झटक्यात पेललं नाही. पंचवटी एक्सप्रेसमध्ये वाचायला घ्यायचो. उतारा आला की आधी पाली, मग मराठी, मग त्यावरचा युक्तिवाद. कसारा येईपर्यंत मुळात मुद्दा काय होता तेच निसटायचं. पाली गाळून पुढे जावं, तर पुरावाच गाळल्यासारखं होतं.

‘निवेदन’ला हा जाच नाही. गोव्यातल्या सांखवाळचा, फारसं शालेय शिक्षण नसलेला तरुण ‘बाळबोध’ मासिकातला बुद्धावरचा लेख वाचतो आणि १८९९ मध्ये बायको नि तान्ही मुलगी मागे ठेवून निघतो. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो. बौद्ध धर्म शोधत नेपाळला जातो, तिथे निराश होतो, आणि पाली हाती लागते ती १९०२ मध्ये श्रीलंकेत. पुढे हार्वर्डही येतं, पण माझा जीव काशी-नेपाळच्या पानांत जास्त रमला. एवढं वाचून पुन्हा ‘भगवान बुद्ध’ उघडलं तेव्हा गृहत्यागाचं प्रकरण वेगळंच लागलं. रडणाऱ्या आईवडिलांविषयी लिहिणारा स्वतः काय मागे टाकून आलाय, हे आता ठाऊक होतं.

‘निवेदन’ १९२४ चं, त्यामुळे लेनिनग्राडचा मुक्काम, मिठाचा सत्याग्रह, १९४७ मधला सेवाग्रामचा उपोषणाने ओढवून घेतलेला मृत्यू त्यात नाही. ही उणीव खरी.

पालीची थोडी सवय असलेल्यांनी, किंवा बाबासाहेबांचा धम्मग्रंथ वाचून शाक्य आणि कोलिय या शेजारच्या कुळांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला, गृहत्यागामागचा तंटा ठाऊक असलेल्यांनी खुशाल ‘भगवान बुद्ध’ आधी घ्यावं. बाकीच्यांनी, माझं ऐकायचं तर, निदान श्रीलंकेपर्यंतचं ‘निवेदन’ वाचून मग तिकडे वळावं.