माद्र, वर्षभराची सेवा की दीड वर्षाचं मिशन?

बारावीचा निकाल लागला की म्हापशातल्या आमच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतली एखादी तरी मुलगी माझ्याकडे येते. घरं मूळची सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची, शाळा मराठी, मिस्सा (चर्चमधली उपासना) कोकणीत, आणि प्रश्न ठरलेला: "मावशी, मला देवाच्या कामाला जायचंय. कुठं जाऊ?" माझ्याकडेच का, तर मी अठराव्या वर्षी मठात गेले होते आणि नोव्हिशिएटच्या, म्हणजे व्रतांआधीच्या उमेदवारीच्या, दुसऱ्या वर्षी घरी परत आले. कुठली वाट अधिक पवित्र हे ठरवायचा अधिकार मला नाही. प्रत्येक वाटेचं दार आत जाताना कसं उघडतं आणि बाहेर येताना कसं, एवढं मात्र मी सांगू शकते.

सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आधी येते ती माद्र, म्हणजे धर्मभगिनी. आज धर्मभगिनी शाळेत, दवाखान्यात, वस्तीत दिसतात, पण आपल्याकडची सुरुवात बंद दाराआड झाली. जुन्या गोव्यातला सांता मोनिकाचा मठ आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये स्थापन केला. तिथं गेलेली मुलगी पुन्हा रस्त्यावर दिसत नसे. १८३४ नंतर पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघांवर बंदी आणली, नव्या मुली घेणं थांबलं आणि १८८५ मध्ये शेवटची भगिनी वारली. त्याच इमारतीत १९६४ पासून माटर देई संस्था धर्मभगिनींना धर्मशिक्षण देते. इतका बदल झाला तरी एक गोष्ट तशीच राहिली: ही वाट जन्मभराची आहे.

जन्मभराची असली तरी ती एका दिवसात बंद होत नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार १७ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिस, म्हणजे मठातली उमेदवार, होता येत नाही. नोव्हिशिएट किमान १२ महिन्यांचं, साधारण दोन वर्षांपलीकडे न जाणारं. मग तात्पुरती व्रतं, किमान तीन वर्षं आणि वाढवून जास्तीत जास्त नऊ. कायमची व्रतं २१ वर्षांआधी घेता येत नाहीत. नोव्हिस कधीही, कुणाची परवानगी न मागता घरी जाऊ शकते. हे मला त्या वेळी कुणी नीट सांगितलं नव्हतं. मी सहा महिने रात्री रडत काढले, कारण जाणं म्हणजे देवाला दिलेला शब्द मोडणं असं मला वाटत होतं. तो शब्द मी अजून दिलेलाच नव्हता.

संघासंघांतही फरक असतो आणि तो नावावरून कळत नाही. मदर तेरेसांचा मिशनरीज ऑफ चॅरिटी १९५० मध्ये कोलकात्यात सुरू झाला. तिथं दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन या तीन व्रतांशिवाय चौथंही असतं, गरिबांतल्या गरिबांची विनामोबदला सेवा. मृत्यूशय्येवरची माणसं, कुष्ठरोगी, टाकून दिलेली मुलं यांच्यात आयुष्य जातं आणि नेमणूक जगात कुठेही होते. अपोस्टोलिक कार्मेलच्या भगिनींचं मुख्य काम शिक्षण. गोव्यातल्या नुवें गावचं कार्मेल कॉलेज त्यांचंच. तरुण मुलामुलींत रमणारी असशील तर १८७२ मध्ये इटलीत सुरू झालेल्या सेलेशियन भगिनी बघ, आपल्याकडच्या ऑक्झिलियम शाळा त्या चालवतात. शिकवायचा कंटाळा असलेली मुलगी शिक्षणसंघात गेली की दोघांचंही नुकसान होतं. मी तेच केलं होतं.

दुसरी वाट वर्षभराची. १९८५ मध्ये केरळात सुरू झालेल्या आणि २०१६ मध्ये व्हॅटिकनची मान्यता मिळालेल्या जीझस यूथ चळवळीत तरुण मुली एक वर्ष पूर्णवेळ देतात. व्रत नाही, वेष नाही, वर्ष संपलं की घरी. प्रोटेस्टंट मंडळीतल्या मुलींना यूथ विथ अ मिशन हे नाव माहीत असतं. १९६० मध्ये सुरू झालेली ही संस्था सगळ्या पंथांना खुली आहे. तिचं शिष्यत्व-प्रशिक्षण पाच-सहा महिन्यांचं, आधी वर्ग आणि मग प्रत्यक्ष बाहेर काम. पण तिथं शुल्क आपण भरायचं, आणि पुढे तिथंच काम करायचं ठरवलं तर आपला खर्च आपल्या चर्चच्या मंडळीतून, मित्रमैत्रिणींकडून आपणच उभा करायचा. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून पहिल्याच भेटीत विचार.

तिसऱ्या वाटेबद्दल हल्ली जास्त विचारणा होते, कारण मोबाइलवर त्या मुली दिसतात: छातीवर नावाची काळी पट्टी, दोघी-दोघी जोडीनं. हे लॅटर-डे सेंट्सचं चर्च, ज्याला लोक मॉर्मन म्हणतात. त्यांच्याकडे मिशन, म्हणजे घर सोडून धर्मप्रसाराला जाणं, मुलग्यांचं कर्तव्य मानलं जातं. मुलींना आमंत्रण असतं, सक्ती नसते. मुलगे २४ महिने जातात, मुली १८. मुलींचं किमान वय पूर्वी २१ होतं. ते ऑक्टोबर २०१२ मध्ये १९ केलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मुलग्यांच्या बरोबरीनं १८. कुठं पाठवायचं ते चर्च ठरवतं. आधी प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे, गरज असेल तर तिथंच भाषाही शिकवतात. पगार नाही, उलट घरच्यांनी हातभार लावायचा. जोडीदारीण सतत बरोबर. घरी फोन पूर्वी वर्षातून दोनदाच करता यायचा, फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो. आईला हे सांगितलं की तिचा निम्मा जीव भांड्यात पडतो.

या वाटेची मला आवडलेली बाजू अशी की परतीची तारीख आधीच माहीत असते. दीड वर्ष झालं की मुलगी घरी येते आणि लोक तिला हार घालतात. मी परत आले तेव्हा शेजारणी आईला हळू आवाजात विचारायच्या, "काय झालं गं?" पण कॅथलिक मुलीला मी स्पष्ट सांगते: हे मिशन त्या चर्चच्या सभासदांसाठीच असतं, आणि त्यांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च वैध मानत नाही. २००१ मध्ये व्हॅटिकननं तसं जाहीर केलंय. श्रद्धाच तिकडे गेली असेल तर गोष्ट वेगळी. प्रवासाच्या, जोडीच्या, परदेशाच्या ओढीनं चर्च बदलायचं नाही. आणि तिथंही पौरोहित्य पुरुषांकडेच आहे. महिनोन्महिने शिकवलेल्या माणसाला बाप्तिस्मा मात्र एखादा पुरुषच देणार.

आता पैशाचं, कारण घरी यावर बोलायला सगळे लाजतात. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, आणि आईवडिलांना निम्म्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्रानं दुसऱ्याला देता येत नाही. मुलगी मठात निघाली की एखादा काका हमखास म्हणतो, "हिला आता भाट (बागायत) कशाला?" सही करू नकोस. चर्चच्या कायद्यात पहिल्या व्रतांआधी मालमत्तेची देखभाल आपल्या मर्जीच्या माणसाकडे सोपवायची असते. तेव्हा मालकी सोडावी लागत नाही. मृत्युपत्र कायमच्या व्रतांआधी करायचं असतं. मध्येच बाहेर पडलीस तर केलेल्या कामाचा मोबदला हक्कानं मागता येत नाही. संघानं न्यायानं आणि प्रेमानं वागावं एवढंच कायदा म्हणतो. म्हणून तो वाटा म्हणजे तुझं परतीचं तिकीट आहे.

गोव्याबाहेर पाठवलं तर कायदाही वेगळा लागतो. ओडिशात १९६७ पासून, मध्य प्रदेशात १९६८ पासून, उत्तर प्रदेशात २०२० पासून धर्मांतरावर निर्बंध आहेत. श्रद्धेच्या प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्येच म्हटलंय. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन सिस्टरना अटक झाली आणि जामिनाला आठवडाभर गेला. भीती घालायला हे सांगत नाही. पाठवणाऱ्यांकडे वकील आहे का, अडचणीत कुणाला फोन करायचा, हे निघायच्या आधी विचारून घे.

मला विचारशील तर बारावीनंतर लगेच मठात जाऊ नकोस. पदवी घे. तोवर सुट्टीत मठातलं जगणं जवळून दाखवणाऱ्या 'या आणि पाहा' शिबिरांना जा, दोन वेगवेगळ्या संघांच्या. तिथल्या मदरना विचार, सोडून गेलेल्या मुली अजून भेटायला येतात का. उत्तर देताना त्यांचा चेहरा बघ. पदवीनंतर एक वर्ष आपल्याच चर्चमध्ये पूर्णवेळ सेवा कर. त्यानंतरही ओढ तशीच राहिली तर मठाचं दार ठोठाव, मी स्वतः सोडायला येईन. लॅटर-डे सेंट्स घरातली असशील तर तुझ्यासाठी १८ महिने पुरेसे मोठे आहेत आणि पुरेसे छोटेही. तू अठराव्या वर्षी जाऊ शकतेस, पण एकविसाव्या वर्षीही जाऊ शकतेस.

आणि कुठेही गेलीस तरी दाखले, गुणपत्रिका झेरॉक्स काढून दे, मूळ कागद आईच्या कपाटात ठेव. माझे मूळ कागद परत मिळायला चार महिने लागले, आणि तोवर कॉलेजचे प्रवेश बंद झाले होते.